रोज नाही, कधीतरीच उसळणारी घोडी

वाचकाचं पत्र: मैना ही माझी नऊ वर्षांची घोडी. अडीच वर्षांपासून माझ्याकडे आहे आणि स्वभावाने अगदी गरीब. गेल्या चार महिन्यांत मात्र ती मधूनच उसळते. कधी आठ-दहा दिवस काहीच नाही, आणि मग एकाच रपेटीत दोनदा. बहुतेक वेळा डाव्या हाताला फिरवताना, दुडकीतून कँटरमध्ये, म्हणजे त्याहून वेगाच्या चालीत, जाताना. एकदा मी पडले. हेल्मेट कुंपणाच्या खांबावर आपटलं, मनगट मुरगळलं. प्रशिक्षक म्हणतात, मस्ती आहे, दोन फटके द्या. दिले, तर पुढच्या वेळी जास्त जोरात उसळली. पशुवैद्यांनी थानावर येऊन पाय दाबून पाहिले, सगळं ठीक म्हणाले. दुखत असतं तर रोज उसळली असती ना? खोगीर तेच आहे, चंदी (दाणा) तीच आहे. मध्ये माझ्या परीक्षेमुळे दोन महिने ती नुसती उभी होती, एवढंच. नालबंदाला हल्ली मागचा डावा पाय धरू देत नाही, पण ते वेगळं. चूक माझी आहे की तिची? मैत्रिणी म्हणतात, विकून टाक.

उत्तर:

‘दुखत असतं तर रोज उसळली असती ना?’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. कितीतरी घोड्यांचं दुखणं याच एका समजुतीमुळे महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून आधी याचंच उत्तर देते. नाही, रोज उसळली नसती.

घोडा हा शिकार होणाऱ्या प्राण्यांपैकी. कळपात जो लंगडतो तो आधी हेरला जातो, म्हणून सोसवेल तोवर गुपचूप सोसायचं हे त्याच्या रक्तातच आहे. गुडघा धरलेला माणूस सपाटीवर दिवसभर हिंडतो, कुणाला कळतही नाही. जिना उतरताना एखाद्या पायरीला मात्र त्याच्या तोंडून ‘आई गं’ निघतं. गुडघा त्या पायरीवर बिघडलेला नसतो, तो सकाळपासून दुखतच असतो. मैनाचं तसंच काहीसं असावं असं मला पत्रावरून वाटतं. थोडं दुखणं रोज आहे आणि तेवढं ती रोज पोटात घालते. मग एखाद्या दिवशी जमीन कडक असते, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) घाईत आवळलेला असतो, पोट रिकामं असतं, तुम्ही दमलेल्या असता आणि तुमची मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, जरा मागे जाते. यातलं एकेक तिला चाललं असतं. सगळं एकाच दिवशी जमून आलं, वर कँटरची टाच बसली, की तिची सहनशक्ती संपते.

तेव्हा ‘ती का उसळते’ एवढंच विचारत बसू नका. ज्या दिवशी उसळली त्या दिवशी काय वेगळं होतं, हे विचारा. आणि ज्या आठ-दहा दिवसांत उसळली नाही, ते दिवसही तितक्याच बारकाईने बघा.

पत्राच्या शेवटी ‘एवढंच’ आणि ‘पण ते वेगळं’ असं म्हणून तुम्ही दोन गोष्टी बाजूला ठेवल्या आहेत. मला त्याच दोन सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात.

आधी नालबंदाची गोष्ट. तो मागचा डावा पाय उचलतो तेव्हा मागच्या धडाचा सगळा भार उजव्या पायावर येतो. आता डाव्या हाताचा कँटर डोळ्यांसमोर आणा. त्याची सुरुवात उजव्या मागच्या पायाने होते. आधी तो एकटा टेकतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकत्र, शेवटी डावा पुढचा. म्हणजे दुडकीतून कँटर उचलताना तिचं आणि तुमचं मिळून सगळं वजन क्षणभर त्या एकट्या उजव्या मागच्या पायावर तोललं जातं, आणि त्याच पायाने तिला पुढे झेपही घ्यायची असते. पाय न देणारी घोडी आणि डाव्या कँटरला उसळणारी घोडी, दोघी एकाच जागेकडे बोट दाखवताहेत. डावा पाय ती देत नाही, कारण उजव्यावर उभं राहणं तिला जड जात असावं.

हे निदान नव्हे. पत्र वाचून निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. पण कुठे आधी बघायचं ते यातून कळतं. दुखणं उजव्या पायात असू शकतं, म्हणजे मागच्या ढोपरात किंवा नळीमागच्या लिगामेंटमध्ये. किंवा ते वर, कणा आणि कमरेचं हाड जिथे जुळतात त्या सॅक्रोइलियॅक सांध्यात असू शकतं. हा सांधा पुठ्ठ्याच्या जाड मांसाखाली खोलवर असतो, थानावर पाय दाबून त्याचं काही कळत नाही. त्याचा त्रास असलेले घोडे पुष्कळदा दुडकीत बरे दिसतात आणि कँटरमध्ये बिघडतात. मागचे दोन्ही पाय सशासारखे जवळजवळ एकत्र टाकतात, मध्येच पाय बदलतात, आणि स्वार वर असला की जास्तच. एखाद्याला मैनाच्या कँटरचा व्हिडिओ मागून आणि बाजूने काढायला सांगा. पण तो लांब दोरावर, तुम्ही वर नसताना. मग हळू गतीने बघा. नुसत्या डोळ्यांना जे अर्ध्या क्षणात निसटतं ते तिथे दिसेल.

आता ते दोन महिने. तुम्ही लिहिता, खोगीर तेच आहे. खोगीर तेच असेल, पण पाठ तीच राहिलेली नाही. दोन महिने नुसती उभी राहिलेली घोडी पोटाला सुटते आणि कण्याच्या दोन्ही अंगांचं मांस उतरतं. मान आणि पाठ मिळते तिथल्या उंचवट्याच्या मागे, दोन्ही बाजूंना हात ठेवून बघा. पूर्वी जिथे भरीव होतं तिथे आता खळगे लागले, तर तुमचं खोगीर पुढे खाली बसलं असणार. आणि ती चार महिन्यांपासून उसळते आहे. विश्रांतीनंतर पुन्हा कामाला लागली ते नेमकं कधी, तारखा जुळवून पाहा.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी.

माझ्याकडे एक कुमैत घोडा होता. असाच, आठवड्यातून एखाद्या वेळी उसळायचा, बाकी दिवस सोन्यासारखा. मलाही सांगितलं गेलं की मस्ती आहे, आणि मी ते मानलं. चाबूक वापरला. पागेत घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे मोतद्दार होते. एका संध्याकाळी रपेटीनंतर मी खोगीर उतरवलं आणि पाठ पुसायला फडकं उचललं, तर त्यांनी माझा हात धरला. ‘पुसू नका, आधी बघा,’ म्हणाले. दिव्याखाली घोड्याची सगळी पाठ घामाने काळीभोर, चकाकत होती. फक्त डाव्या खांद्याच्या मागे तळहाताएवढा एक कोरडा तुकडा होता. केस कोरडे, उलटे फिरलेले. त्यांनी त्या जागेवर एक बोट टेकवलं, जोरही दिला नाही. माशी बसल्यासारखी कातडी थरथरत पार कमरेपर्यंत गेली आणि घोड्याने समोरच्या लाकडी आडणीवर दात रोवले. मग त्यांनी खोगीर मांडीवर उलटं घेतलं, पुढची कमान दोन्ही हातांनी धरून दाबली. आतून बारीक कर्रकर्र आवाज आला. आतला सांगाडा डाव्या बाजूला तडकलेला होता. वरून चामडं अगदी अखंड, पॉलिश केलेलं.

तिथे इतका दाब पडत होता की घामदेखील येत नव्हता. पुढच्या वेळी केस झडून नवे आले तेव्हा त्या जागी पांढरे आले, आणि तो ठिपका त्याच्या पाठीवर कायम राहिला. खरारा करताना माझा हात रोज त्यावरून जायचा. तो मला सांगत होता आणि मी त्याला मारत होते, हे मला आजही टोचतं. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने सांगते आहे, चाबूक आज खाली ठेवा. फटक्यानंतर ती जास्त जोरात उसळली, यात नवल काहीच नाही. दुखतं म्हणून उसळली, तर आणखी दुखलं. याहून वाईट म्हणजे काही घोडे फटक्यांनी खरंच गप्प होतात. दुखणं आत तसंच राहतं, फक्त सांगायचं थांबतं, आणि मग एके दिवशी पाय पुरता निकामी होतो.

खोगीर तपासायचं तर गादी, झूल काही न घालता नुसतं पाठीवर ठेवा, घोडी सपाट जमिनीवर चारही पायांवर नीट उभी असताना. पुढच्या कमानीखाली उंचवट्यावर दोन-तीन बोटं जायला हवीत, तुम्ही वर बसल्यावरसुद्धा. मधल्या पन्हळीतून मागून बघितलं तर समोर उजेड दिसला पाहिजे, कण्याला काही टेकता कामा नये. मग शेवटची बरगडी शोधा. घोड्याला अठरा जोड्या बरगड्या असतात. शेवटची बोटाने चाचपत वर कण्यापर्यंत गेलात की जी जागा येते, तिच्यामागे खोगिराचा भार जाऊ नये, कारण तिथून पुढे कंबर लागते आणि तिथे खालून बरगड्यांचा आधार नसतो. खोगिराच्या तळाखालून हात सरकवत न्या. पुढे घट्ट, मागे घट्ट आणि मध्ये पोकळी असं लागलं तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर टेकलेलं आहे. आणि कुणी जाड जेलची गादी घ्यायला सांगेल तर घेऊ नका. आधीच आवळणाऱ्या खोगिराखाली आणखी जाडी घातली की ते आणखी आवळतं. कोरडा डाग दिसला म्हणजे दाबच आहे असंही नाही, तिथे खोगीर मुळीच टेकत नसेल तरीही जागा कोरडी राहते. हा फरक खोगीर बसवण्यातला जाणकार हात घालून सांगू शकतो. अशा माणसाला एकदा बोलवाच.

तंगाकडेही लक्ष द्या. उद्या तंग लावताना बकलकडे बघू नका, मैनाच्या तोंडाकडे बघा. चघळता चघळता थांबली का? नाकपुडीच्या वर सुरकुती आली? कान मागे गेले, मान वळवून पोटाकडे बघितलं, शेपूट फटकारली? यातलं दोनदा-तीनदा दिसलं तर ते ‘नखरे’ म्हणून सोडून देऊ नका. तंग एका दमात कधी ओढू नये. आधी सैल लावा, दहा पावलं चालवा, मग एक भोक, पुन्हा थोडं चालवून आणखी एक.

तंगाची ही कुरकुर पोटाकडेही बोट दाखवते. स्वारीच्या घोड्यांमध्ये जठराचे अल्सर फार आढळतात, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, खाल्लं असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. दिवसभर थोडं थोडं चरत राहण्यासाठी घडलेलं हे शरीर आपण दोन वेळच्या चंदीवर आणि मधल्या लांब उपाशी तासांवर आणून ठेवलं. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून फारसं संरक्षण नसतं. दुडकीत आणि कँटरमध्ये पोटावर दाब वाढला की आम्ल उसळून तिथपर्यंत जातं. तुम्ही पहाटे उठून, रात्रभर वैरणीविना उभ्या असलेल्या घोडीवर खोगीर चढवत असाल तर आधी ती सवय मोडा. रपेटीआधी अर्धा तास थोडी वैरण चघळू द्या. त्या धाग्यांचा जठरात थर होतो आणि आम्ल कमी हिंदकळतं. एरवीही चार-सहा तासांहून जास्त काळ तिच्यापुढे वैरण नाही असं होऊ देऊ नका. दिवसाकाठी तिच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण पोटात जायला हवी. चारशे किलोची घोडी धरली तर सहा ते आठ किलो.

अल्सर आहे की नाही, हे उपाशी ठेवून तीन मीटर लांबीची दुर्बीण जठरात घालूनच नक्की कळतं. ओमेप्राझोल हे त्यावरचं नेहमीचं औषध, पण ते मनाने सुरू करू नका. कुठेतरी दुखत असल्याच्या ताणानेही अल्सर होतात. मग पोट बरं होतं, मूळ पाय तसाच राहतो, आणि महिन्याभराने तुम्ही पुन्हा याच जागी येता. वेदनाशामक गोळ्यांचं तर याहून वाईट. फेनिलब्युटाझोनसारख्या औषधाने जठराला इजा होऊ शकते. पशुवैद्य कधीकधी ते काही दिवस मुद्दाम देऊन बघतात. त्याने घोडी सुधारली तर दुखतच होतं हे कळतं. न सुधारली तर काहीच कळत नाही, कारण काही दुखणी त्या औषधाला दाद देत नाहीत. अशी चाचणी त्यांनी करायची, आपण नव्हे.

घोडी आहे म्हणजे लहरी असणारच, असंही कुणीतरी तुम्हाला ऐकवलं असेल. माजाचं चक्र साधारण एकवीस दिवसांचं, त्यातले पाच-सात दिवस ती माजावर. उसळण्याच्या तारखा या दिवसांशी सलग दोन-तीन चक्रं जुळल्या, तर अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्यायला कारण आहे. जुळल्या नाहीत तर हा विषय तिथेच संपवा.

दात आणि कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) एकदा बघून घ्या. वर्षभरात दात तपासले नसतील तर नक्कीच. पण तोंड दुखणारा घोडा बहुधा डोकं झटकतो, लगाम ओढतो. नुसत्या तोंडापायी नेमक्या डाव्या कँटरला उसळेल, हे मला पटत नाही.

राहिली मस्ती. प्रशिक्षकांचं म्हणणं मी अगदीच मोडीत काढत नाही. काम कमी आणि चंदी जास्त झाली की कुठलाही तरणाबांड घोडा उसळतो. तुमच्याकडे तर दोन महिने काम शून्य होतं आणि तुम्हीच म्हणता, चंदी तीच होती. पण अंगात मावेनाशी झालेली ताकद कशी दिसते ते ठाऊक आहे ना? सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, रपेटीच्या सुरुवातीला, गार वारा सुटला असताना, कान पुढे, एक-दोन उसळ्या, दोन्ही हातांना सारख्याच, आणि मग गडी खूश. मोकळं सोडलं तरी तेच करतो. ज्या घोडीला फक्त डावीकडेच आणि फक्त कँटर उचलतानाच मस्ती येते, ती मस्ती नव्हे. चंदी मात्र कामाच्या मानाने कमी कराच. त्याने नुकसान काही होणार नाही, आणि एक शंका कमी होईल.

आता करायचं काय. एक वही घ्या, रोज चार ओळी लिहा. जमीन कशी होती, शेवटची वैरण किती वाजता, आदल्या दिवशी काम होतं की सुट्टी, नाल कधी बदलले, तंगाच्या वेळी काय केलं, उसळली तर किती मिनिटांनी, कुठल्या हाताला, कुठल्या चालीतून कुठल्या चालीत. ज्या दिवशी काहीच झालं नाही त्या दिवशीही लिहा. तीन आठवड्यांत वही तुम्हाला असं काही सांगेल, जे आठवणीतून कधीच निघत नाही. कारण आठवणीत फक्त पडल्याचे दिवस राहतात.

सोबत थर वेगळे करून बघा, पण एका दिवशी एकच. एके दिवशी तिला लांब दोरावर नुसतीच फिरवा, दोन्ही हातांना, मोठ्या वर्तुळात, कँटरसुद्धा. दुसऱ्या दिवशी खोगीर घालून, तंग सैलसर. नंतर नेहमीएवढा आवळून. उघड्या पाठीवरही डाव्या कँटरला ती उसळली किंवा पाय गोंधळले, तर दोष एकट्या खोगिराच्या माथी मारता येत नाही, पाय आणि कंबर आधी बघायला हवी. उघडी असताना नीट आणि तंग आवळल्यावर बिघडते, तर खोगीर, पाठ, बरगड्या, पोट. दोन्हीत नीट आणि फक्त स्वार असताना बिघडते, तर पाठ आणि कंबर पुन्हा यादीत येतात, आणि आपली मांडही. या काळात खोगीर, चंदी, नाल, कडियाळं सगळं एकदम बदलू नका. बरी झाली तरी कशाने झाली ते कळणार नाही.

चूक तुमची का, हे तुम्ही विचारलंच आहे, तर बैठकीबद्दल सांगते. कँटर मागताना पुष्कळ जणांचं धड मागे पडतं, ढुंगण खोगिराच्या मागच्या काठावर आपटतं, आणि तोल सावरायला हात लगामावर जातो. म्हणजे टाच म्हणते पुढे हो, लगाम म्हणतो थांब, आणि दुखऱ्या कमरेवर दणका. पडल्यापासून तर तुम्ही नक्कीच आखडून बसत असाल, कुणीही बसेल. एखाद्या जाणत्या व्यक्तीला तुमचा जुना व्हिडिओ दाखवा. पण ‘मी बसून दाखवतो, बघ कशी सरळ चालते’ हा पुरावा मानू नका. कसलेला स्वार घोड्याचं दुखणं तोल सांभाळून झाकू शकतो, त्याचं त्यालाही कळत नाही.

मग पशुवैद्यांना पुन्हा बोलवा. शक्य असेल तर घोड्यांच्या लंगडण्यावरच काम करणारे. त्यांना वही आणि व्हिडिओ दाखवा आणि स्पष्ट सांगा की हिला चालताना बघा. कडक जमिनीवर सरळ, मऊ जमिनीवर वर्तुळात, दोन्ही हातांना. दुडकीत काहीच दिसलं नाही तर कँटरमध्ये. गरज पडली तर स्वारासह, पण तेव्हा वर कोण बसणार आणि कितपत धोका घ्यायचा हे त्यांनीच ठरवावं. संशयाची जागा सुन्न करणारी इंजेक्शनं देऊन ते दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधू शकतात. पाठीच्या एक्स-रेबद्दल आधीच सावध करते. मणक्यांचे वरचे काटे एकमेकांना टेकलेले दिसले की त्याला किसिंग स्पाइन्स म्हणतात, आणि ते बहुधा खोगिराखालच्या भागातच असतात. पण असे काटे टेकलेले असूनही मजेत काम करणारे घोडे पुष्कळ आहेत. फोटोत दिसलं म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. दाबल्यावर तिथे दुखतं का, ती जागा सुन्न केल्यावर चाल सुधारते का, हे जुळायला हवं.

ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची एक यादी प्रसिद्ध केली. कान बराच वेळ मागे ठेवणं, सारखी शेपूट फटकारणं, तोंड उघडणं, एकटक ताणलेली नजर, चुकीच्या पायावर कँटर उचलणं, आपणहून चाल बदलणं, मागचे पाय फरपटणं, उसळणं, असं त्यात आहे. २४ पैकी ८ किंवा जास्त दिसली तर स्नायू-हाडांचं दुखणं असण्याची दाट शक्यता. उसळणं हे त्या २४ मधलं फक्त एक आहे, हे लक्षात घ्या. ते आपल्याला पाडतं, म्हणून आपण तेवढंच मोजतो. तुमच्या जुन्या व्हिडिओंत बाकीची शोधा. कदाचित मैना चार महिन्यांच्या कितीतरी आधीपासून बोलत असेल.

तोवर तुम्ही वर बसून कँटर अजिबात नको. पायाचं कळेपर्यंत खरं तर स्वारीच नको. हाताने धरून चालवणं, मोकळं सोडणं, खरारा, एवढं पुरे. दोरावरचा कँटरही वर सांगितलेल्या तपासणीपुरताच, मिनिट-दोन मिनिटं, आणि त्यात लंगडताना दिसली तर तिथेच थांबवा. खांबावर आपटलेलं ते हेल्मेट आजच बाद करा. बाहेरून तडा दिसला नाही तरी आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी तो डोकं वाचवत नाही. पुढे कधी वर असताना पाठीची कमान होते आहे असं जाणवलं, तर पुढे झुकू नका, खांदे मागे घ्या. उसळायला तिला डोकं खाली न्यावं लागतं, म्हणून एका लगामाने डोकं वर आणि किंचित बाजूला घ्या आणि पायाने पुढे चालवत ठेवा. थांबली की उतरा. त्या दिवसाचं काम तिथे संपलं.

आणि कारण सापडून उपचार झाले तरी पहिल्याच आठवड्यात जुनी मैना परत मिळेल असं धरून चालू नका. डावीकडे कँटर म्हणजे कळ, हे ती चार महिने शिकली आहे. दुखणं गेल्यावरही तिचं अंग तिथे आवळेल. पाठीचं मांस भरायलाच काही महिने जातात. आधी जमिनीवरून काम, मग चाल, चढ-उतार, दुडकी, आणि कँटर सगळ्यांत शेवटी, सरळ रेषेत, उजव्या हाताच्या कँटरने सुरुवात करून.

चूक कुणाची, हे तुम्ही विचारलं होतं. तुम्ही पत्र लिहिलंत, त्यात नालबंदाची गोष्ट लिहिलीत, हे माझ्या दृष्टीने पुरेसं आहे. मैनाची चूक तर मला कुठेच दिसत नाही. विकण्याचा विचार आत्ता करू नका. कारण न शोधता विकली, तर तेच दुखणं घेऊन ती अशा कुणाकडे तरी जाईल, जो चाबूक तुमच्याइतक्या लवकर खाली ठेवणार नाही.

नालबंद पुन्हा येईल तेव्हा त्याला सांगा, पाय फार उंच उचलू नकोस, खाली धर आणि मधे मधे टेकवू दे. उपचारांनंतर मला कळवा. डावा मागचा पाय ती धरू देऊ लागली का, हे मला सगळ्यांत आधी ऐकायचं आहे.